उत्तर: गणपतीची क्विल्ट – कापड विकत आणायचं की घरातलंच?

नमस्कार मंडळी,
गणपतीतल्या लिलावासाठी आपण जी क्विल्ट करतोय तिचे आलेले ब्लॉक, म्हणजे प्रत्येकीने शिवलेले चौकोन, टेबलावर मांडून बघितले. कुणाचा बारा इंच भरतोय, कुणाचा पावणेबारा, एकीने साडीचा काठ लावलाय तर दुसरीने जाड जीन्स, रंगांचा तर मेळच नाही. मला वाटतं दुकानातून अडीच इंची मॅचिंग पट्ट्यांचा तयार रोल आणावा, तो जेली रोल मिळतो ना तो, म्हणजे सगळ्यांचं सारखं दिसेल. काय म्हणता?

----

अगं, रोल नको आणूस, प्लीज. पट्ट्या विकत आणल्या तरी माप चुकायचं ते चुकणारच, कारण प्रत्येकीचं मशीन वेगळं, पाव इंचाची शिवण कुणाची बारीक कुणाची जाड. एका जोडात नुसतं अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, कापड जास्त गेलं की चार जोडांत पाव इंच गेलं, झाला पावणेबारा. यात शिवणारीचा काही दोष नाहीये, पद्धत बदलूया.

प्रत्येकीला जुन्या सुती साडीचा नाहीतर बेडशीटचा 13 इंची चौकोन द्यायचा, हा खालचा पाया. त्याच्या मधोमध एक वेडावाकडा तुकडा सुलट बाजू वर करून ठेवायचा, त्यावर दुसरा उलटा ठेवून कडेने शिवायचं, उलटवून इस्त्री, जास्तीचं कापायचं, मग पुढचा, असं पाया झाकेपर्यंत. तिरके तुकडे ताणले जातात ना, ते पायाला शिवल्यामुळे ताणले जात नाहीत. टाका बारीक ठेवा, कारण शेवटी सगळे ब्लॉक मी एकाच रूलरने साडेबारा इंचावर कापणार आणि मोठा टाका असेल तर कडेला उसवतो. जोडल्यावर प्रत्येक ब्लॉक बरोबर 12 चा, आडवे 4 उभे 5, म्हणजे 48 बाय 60, मांडीवर घ्यायला छान. जे ब्लॉक आलेत तेही वाया जाणार नाहीत, पायावर ठेवून कडेने पट्टी लावली की झालं.

आपल्या गोधडीत तरी वेगळं काय असतं, खाली जुन्या लुगड्यांचे थर, वर ठिगळं आणि सगळ्याला धरून ठेवणारा धावदोरा, तिथे कुणी मॅचिंग बघत नाही आणि तरी ती सुंदर दिसते. आणि हे फक्त आपलंच नाही. इथे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून नदीच्या वळणावरची वस्ती आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात झिजलेल्या जीन्स आणि कामाच्या शर्टांच्या क्विल्ट केल्या. 1966 मध्ये त्या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली, 1972 मध्ये सिअर्स या मोठ्या दुकानांच्या कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं आणि त्यातून उरलेले तुकडे घरी नेऊन त्यांनी ज्या क्विल्ट शिवल्या त्या बघून मी थक्क झाले होते. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं, 2006 मध्ये पोस्टाने तिकिटंही काढली. रोलमधून हे आलं असतं का सांग?

रंगांसाठी एकच करूया, प्रत्येक ब्लॉकमध्ये एक तरी तुकडा एकाच लाल सुती कापडाचा, ते मी सगळ्यांना वाटते. नजर त्या लालवरून फिरत राहते, मग बाकी काहीही चालतं.

----

काकू, एकदम पटलं! पण हळदीकुंकवात मिळालेले ढीगभर ब्लाउज पीस आहेत माझ्याकडे ते चालतील का, आणि आजीच्या पैठणीचा काठ आहे, साडी विरली पण काठ ठणठणीत आहे, तो घालायचा खूप मनात आहे पण धुताना काय होईल त्याची भीती वाटते

----

काठ नक्की घाल. मागून पातळ चिकटणारं इंटरफेसिंग, म्हणजे आधाराचं अस्तर, लाव, इस्त्री जरीवर डायरेक्ट नको, वर सुती कापड ठेव. आणि तो ब्लॉकच्या मध्ये घे, कडेला नको, जोडात जाड होतं आणि जरीचा धागा टोचतो. जीन्सचंही तसंच, मध्ये लहान तुकडा चालेल. पण मग ही क्विल्ट मशीनमध्ये धुवायची नाही, हाताने गार पाण्यात, तसं लिलावाच्या चिठ्ठीवर लिहूया.

ब्लाउज पीस बघून घे, बरेचसे पॉलिस्टर मिक्स असतात आणि गरम इस्त्रीला आक्रसतात. दोन धागे काढून सिंकवर जाळून बघ, सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी झाला तर पीस बाजूला. लाल आणि गडद निळं कापड आधी पांढऱ्या चिंधीबरोबर भिजवा, चिंधी रंगली तर परत धुवा.

शनिवारी दुपारी माझ्याकडे या, पाये कापून ठेवते. इस्त्र्या निदान दोन हव्यात, माझी एक आहे, दुसरी कुणीतरी आणा, आणि येताना तुकडे धुऊनच आणा गं.