काखेतल्या गाठीत क्लिप टाकायची म्हणताहेत, 2 केमो झाल्यावर... टाकू का?

अमळनेरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. आईला (54) डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला, हर टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर टू नावाचं प्रोटीन जास्त असलेला). काखेत एक गाठ होती, सुई घालून तपासली तर तिच्यातही आलाय. 6 केमो सांगितल्यात, 2 झाल्या. सुरू केली तिथं क्लिपचं (गाठीत खूण म्हणून ठेवायचा धातूचा बारीक तुकडा) नावच कोणी काढलं नाही, आता जळगावला दुसऱ्या सर्जनला दाखवलं तर ते म्हणे तिसरीच्या आधी सोनोग्राफी करून त्या गाठीत क्लिप टाकून घ्या, नंतर ती सापडायची नाही. घरात नुसता गोंधळ. मामा म्हणतो गाठ हाताला लागत नाही म्हणजे विरघळली, आता तिच्यात लोखंड कशाला ठोकायचं. आईचं वेगळंच, काख कापली न हात गेला तर कापूस कोण वेचेल, भाकरी कोण थापेल. तिसरी केमो पुढच्या सोमवारी आहे, कुणाला अनुभव असेल तर सांगा.

भुसावळची_ताई:
घाबरू नको रे भाऊ. मला 2022 मध्ये टाकली होती, केमोच्या आधीच. काख बधिर करतात, सोनोग्राफीत बघत जाड सुईने सोडतात, 15-20 मिनिटांचं काम, तांदळाच्या दाण्याहून बारीक असते. लोखंड नाही, माझी टायटॅनियमची होती, नंतर एमआरआय पण झाला. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सोनोग्राफी करून तिच्याजवळ तार लावली न सर्जनने बरोबर तीच गाठ काढली. एकूण 4 गाठी (काखेत सगळ्यांनाच असतात त्या ग्रंथी) गेल्या फक्त. निळी शाई पण टोचली होती, लघवी दोन दिवस हिरवी, मी तर घाबरले होते 😄 कोणी आधी सांगायचं ना.

धुळे_सर्जरी:
सर्जरी शिकतोय, तुमच्या डॉक्टरच्या जागी धरू नका. मामांना सांगा, हाताला लागत नाही म्हणजे संपलं असं नसतं, सोनोग्राफीत नॉर्मल दिसली तरी नाही, ते मायक्रोस्कोपखालीच कळतं. पण हर टू वाल्यांमध्ये संपण्याचा चान्स चांगला असतो हे खरं. 2013 च्या अमेरिकेतल्या झेड 1071 अभ्यासात काखेत कॅन्सर असलेल्यांपैकी 41 टक्के बायकांच्या काखेत केमोनंतर काही उरलं नव्हतं, हर टू मध्ये तर जवळपास 65 टक्के. अशांची सगळी काख कशाला साफ करायची, म्हणजे सगळ्या गाठी कशाला काढायच्या, म्हणून फक्त सेंटिनल गाठी, म्हणजे स्तनातला द्रव काखेत सगळ्यात आधी जिथं पोचतो त्या, शाई टोचून शोधायच्या न काढून बघायची पद्धत आली. अडचण अशी की केमोनंतर शाई भलत्याच वाटेने जाऊ शकते न मूळची कॅन्सरवाली गाठ मागे राहते. 2016 च्या एमडी अँडरसन या अमेरिकेतल्या कॅन्सर हॉस्पिटलच्या अभ्यासात क्लिपवाली गाठ 23 टक्के जणींत सेंटिनलमध्ये नव्हतीच. नुसत्या सेंटिनलवर उरलेला कॅन्सर हुकायचं प्रमाण 10 टक्के होतं, क्लिपवाली सोबत काढली तर 2. एवढ्यासाठीच क्लिप. गाठ काढल्यावर तिचा एक्स-रे काढून क्लिप आत आहे ना ते बघतात, हे आधीच विचारून ठेवा. आणि तिच्यात काही उरलं असेल तर सहसा पूर्ण काख करावी लागते, हर टू मध्ये पुढचं औषधही बदलतं, तेव्हा तो रिपोर्ट नीट हवा.

केळीवाला_रावेर:
हळद न गोमूत्र चालू करा, क्लिप बिप काही लागत नाही.

भुसावळची_ताई:
@केळीवाला_रावेर तुझ्या केळीला करपा आला की फवारणी करतो ना रे? मग.

चोपडा_तालुका:
आमच्या मंडळीला क्लिप टाकलीच नव्हती. केमो संपल्यावर गाठ कुठली ते कोणालाच सांगता येईना, मग सर्जन म्हणे रिस्क नको, पूर्ण काख केली, 17 गाठी काढल्या. रिपोर्टात एकातही कॅन्सर नाही! आनंद मानावा की डोकं फोडून घ्यावं ते कळेना. आता हात सुजतो, बाही घालून फिरते, कळण्याची भाकरी थापायला बसली की अर्ध्यात उठते. कोणाला दोष देत नाही, तेव्हा आम्हालाच माहीत नव्हतं विचारायचं. भो, सोनोग्राफीत गाठ दिसतेय तोवर टाकून घे. पैशाचं मात्र आधी विचार, योजनेत ऑपरेशन बसतं म्हणून क्लिपही बसेलच असं धरू नको.

अमळनेरचा_पोरगा:
@धुळे_सर्जरी आणि गाठ दिसलीच नाही तर?

धुळे_सर्जरी:
तरी लगेच पूर्ण काखच असं नाही. दोन प्रकारचे ट्रेसर वापरून, म्हणजे निळ्या शाईसोबत रेडिओअॅक्टिव्ह किंवा चमकणारी हिरवी, कमीत कमी 3 सेंटिनल गाठी काढल्या न सगळ्या स्वच्छ निघाल्या तर बरेच सर्जन थांबतात. खात्री थोडी कमी, ठरवणार तेच. पण आधी उद्याच सोनोग्राफी करा, न केमोच्या आधीची जुनी फिल्म न रिपोर्ट सोबत न्या, त्यावरून कुठं बघायचं ते रेडिओलॉजिस्टला कळतं. केमोत पांढऱ्या पेशी कमी असतात म्हणून टोचायच्या आधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) बघतीलच.

अमळनेरचा_पोरगा:
अपडेट. काल करून आलो. दीड सेंटीमीटरची होती ती 7 मिलिमीटर राहिलीय, पण दिसली! सीबीसी ठीक आहे, शुक्रवारी क्लिप. मामा पण सोबत आले होते, रेडिओलॉजिस्टने स्क्रीनवर दाखवली तेव्हा गप्प बसले. आईने एकच विचारलं, वेचणीला जाता येईल ना. ते म्हणे ऑपरेशननंतर हाताचे व्यायाम चुकवू नका, मग बघू.

भुसावळची_ताई:
काखेत टोचल्यावर दोन-तीन दिवस निळं पडतं, दुखतं थोडं. आईला ढगळ बाहीचं पोलकं घालून ने.