तीन अधिकचिन्हे आणि एका सेकंदाची शांतता

फोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या मोडेमला संभाषणाच्या मध्येच आज्ञा द्यायची असेल, तर आधी +++ टाइप करतात. ‘+++ टाइप केल्यावर मोडेम कधी आज्ञा ऐकतो, तर कधी ती चिन्हे पलीकडे पाठवून देतो’ या शंकेचे उत्तर चिन्हांत नसून त्यांच्या आगेमागे असलेल्या शांततेत आहे.

हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेममध्ये माहिती आणि आज्ञा एकाच तारेवरून येत असल्याने दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी +++ च्या आधी व नंतर साधारण एक सेकंद काहीही न पाठवण्याचा नियम ठेवला गेला. एस१२ या रजिस्टरमध्ये (मोडेममधील आकडा साठवण्याच्या जागेत) हा अवधी सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत मोजलेला असतो, म्हणून तेथे सहसा ५० हा आकडा दिसतो. ही कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण फाइल पाठवताना तीच चिन्हे ओघात आली तरी जोडणी तुटत नाही. हेजने तिचे पेटंट घेतल्यावर काही उत्पादकांनी विरामाची अट वगळली. परिणामी +++ आणि पाठोपाठ एटीएच शून्य (फोन ठेवण्याची आज्ञा) असा मजकूर असलेले पिंग, म्हणजे तोच मजकूर उत्तरात परत मागणारा संदेश, पाठवून दुसऱ्याचा फोन तोडणे शक्य झाले, कारण त्या पिंगला उत्तर देताना त्याचाच संगणक ती आज्ञा आपल्या मोडेमकडे पाठवत असे.

आज्ञेच्या आरंभीचे ‘एटी’ही निरर्थक नाही. ‘ए’ अक्षराचा सर्वांत आधी येणारा बिट १ असल्यामुळे त्याच्या अलीकडचा स्टार्ट बिट (प्रत्येक अक्षराच्या आरंभी येणारा ०) वेगळा मोजता येतो आणि त्यावरून संगणकाचा माहिती पाठवण्याचा वेग कळतो.

तेव्हा +++ नंतर लगेच एंटर दाबू नये. ‘ओके’ येईपर्यंत थांबावे.