एका संध्याकाळी उरकणारं हातकाम : तुम्ही काय केलंत?

लडी (कोथरूड)

भरतकाम म्हटलं की लोकांना डबलबेडची चादर आठवते. सहा महिने खपून भरलेली, आणि मग डांबराच्या गोळ्यांसोबत कपाटात गेलेली. त्या चादरीबद्दल आदर आहे, पण हा धागा तिच्यासाठी नाही. इथे लहान कामं लिहा. एकदोन संध्याकाळी होतील आणि दुसऱ्या दिवसापासून वापरात येतील अशी. टाके असोत, कागद असो, मणी असोत, कापूस असो. अट एवढीच की हाताने केलेलं असावं आणि घरात काहीतरी हसरं झालेलं असावं. कापड कुठलं, दोरा कुठला, पुण्यात कुठे मिळाला, आणि ती वस्तू आता कुठे आहे, तेही सांगा.

माझ्यापासून सुरुवात. पोळ्यांच्या डब्यात घालायचं फडकं. जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेतला, कडेने नारिंगी दोऱ्याने काज टाका आणि चारही कोपऱ्यांत लेझी डेझीची, म्हणजे एकेका सुट्या साखळी टाक्याची एकेक पाकळी अशी फुलं. मध्यभागी पिवळा गाठीचा टाका, सुईला दोनच वेढे. तीन वेढे घेतले तर गाठ लोंबते. भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात, मी तीन पदर वापरले. पदर वेगळे करताना एकेक ओढून काढायचा आणि मग हवे तेवढे एकत्र करायचे. तिन्ही एकदम ओढले की गुंता ठरलेला. दोरा कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत पुरे. लांब घेतला तर सारखं ओवायचं काम वाचतं असं वाटतं, पण शेवटच्या वीतभर दोऱ्याची पार लव निघते.

आता घरात डबा उघडल्यावर कुठल्या रंगाचं फूल वर आलं यावर चर्चा होते. पोळीबद्दल कुणी बोलत नाही.

पेठेतली आजी (सदाशिव पेठ)

लडी, फडकं छान. पण उलट्या बाजूचा फोटो का नाही टाकलास?

आमच्या शाळेत शिवणाच्या बाई काम हातात घेतल्या घेतल्या आधी उलटं करायच्या. माझ्या आईचं शिवण-भरतकाम सेवासदनातलं. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं, तिथे बायकांना शिवण शिकायची सोय होती. तीच शिस्त घरात आली. गाठ मारायची नाही. दोऱ्याचं टोक उलट्या बाजूला टाक्यांखालून फिरवायचं आणि कापायचं.

ज्यांना उलट बाजूची गोडी लावून घ्यायची आहे त्यांनी कसुती करून बघावी. इरकली साड्यांवरचं भरतकाम ते, धारवाडकडचं. तिच्यात चारच टाके. गवंती म्हणजे धावदोरा घालत पुढे जायचं आणि त्याच भोकांतून मोकळ्या जागा भरत परत यायचं. दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच दिसते. मुरगी तशीच, पण जिन्यासारखी चढत उतरत जाणारी. नेगी विणल्यासारखी दिसते, ती मात्र दोन्हीकडून सारखी येत नाही. मेंथी म्हणजे आपली फुली. कापडावर काही छापायचं नाही, सूत मोजायचं. गोपुर, रथ, हत्ती नंतर करा, आधी तुळशीवृंदावन घ्या. मॅटीच्या, म्हणजे सूत मोजता येईल अशा चौकटींच्या कापडावर शिकलात तर डोळ्यांना त्रास नाही. मी पूजेच्या पाटावरच्या आसनाला एका कोपऱ्यात एकच वृंदावन भरलं, दोन संध्याकाळी लागल्या. संध्याकाळ म्हणजे मालिका सुरू व्हायच्या आधीची.

आणि एक. नातवंडांसाठी बाळंतविडा करताय त्यांनी कुंचीला, झबल्याला मणी आणि गाठी लावू नयेत. बाळाला टोचतात, मणी तोंडात जातात. साखळी टाका घाला, तोही बाहेरच्या अंगाला, आणि आतून मलमलचं अस्तर द्या.

फुलीफुली (वारजे)

आजी, उलट बाजू बघतंय कोण?

पेठेतली आजी

मी.

बसमधला (हिंजवडी)

पुरुष आयडी आहे, आधीच सांगतो, म्हणजे 'ताई' म्हणून प्रतिसाद येणार नाहीत.

माझं काम रफूचं. जीन्स गुडघ्यावर आणि शर्ट कोपरावर फाटतात, ते लपवायच्या ऐवजी उठून दिसेल असं शिवतो. आतून जुन्या खादीचा तुकडा टाचायचा आणि वरून पांढऱ्या जाड सुती दोऱ्याने धावदोऱ्याच्या समांतर ओळी. जपानमध्ये याला साशिको म्हणतात. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर असेच धावदोऱ्याने सांधून कांथा करतात, आणि आपल्याकडची गोधडी काय वेगळी आहे? आजीच्या गोधडीवर झोपलेल्या माणसाला हे शिकायला परदेशी व्हिडिओ बघावे लागले याचं मलाच हसू येतं.

यातली खरी युक्ती ओळ संपून वळताना आहे. तिथे उलट्या बाजूला दोरा थोडा सैल सोडायचा. घट्ट ओढला तर पहिल्या धुण्यात कापड आक्रसतं आणि गुडघ्यावर चुण्या पडतात. पाचसहा टाके सुईवर एकदम घेऊन मग दोरा ओढला की ओळ सरळ येते. एकेक टाका घातला की ती वाकडी चालते.

कंपनीच्या बसमध्ये वेळ भरपूर मिळतो, पण तिथे हे काम करू नका. वाकडपासून पुढे सुई धरून दाखवा, मग बोलू. मी शनिवारी गॅलरीत करतो. मीटिंगमध्ये एकाने गुडघ्याकडे बघून विचारलं, कुठल्या ब्रँडची? 'आईचा डबा, रविवार पेठ' असं सांगितलं. त्याने गूगल केलं असणार.

मंडई मेट्रो

खरेदीचं मी लिहिते. माझा अर्धा आनंद तिथलाच आहे.

मणी, लेस, टिकल्या, काचेच्या नळ्या, सॅटिन रिबिनी, पोत हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास. तुळशीबागेत दोरे आणि कापड ताणून धरायच्या रिंगा मिळतात, पण तिथे शिरलं की दोरा राहतो आणि कानातलं येतं. साधं कापड लक्ष्मी रोडला; 'कटपीस आहे का' विचारायला लाजू नका. मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झाल्यापासून गाडी लावायची कटकट गेली, आता सबबही गेली.

दोऱ्याची शेड डोक्यात ठेवून जाऊ नका. दुकानातल्या ट्यूबच्या उजेडात सगळे हिरवे एकसारखे दिसतात. लडीवरच्या कागदी पट्टीवर शेडचा नंबर असतो, ती पट्टी जपून ठेवा. एका लडीत आठ मीटर दोरा असतो, रुमालाच्या कोपऱ्यातल्या फुलांना तो पुरून उरतो. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नवीन लोकांना उलटं वाटतं. आणि रिंग घ्यायची तर लाकडी, पितळी स्क्रूची. आतल्या रिंगला जुन्या मलमलची पट्टी गुंडाळली की कापड घसरत नाही.

केळकर संग्रहालय तिथून चालत जाण्यासारखं आहे. लोक अडकित्ते आणि दिवे बघून बाहेर पडतात. तिथल्या जुन्या वस्त्रांपुढे जरा थांबा.

कापूसकोंड्या (कसबा पेठ)

इथे सगळे टाक्यांवरच आहेत. मी कापसाची वस्त्रं करते. गेजवस्त्रं, देवाला घालतात ती. सासूबाईंनी शिकवलं, आणि गणपतीच्या आधीचा महिना आमच्या घरात सोफ्यावर कापूस असतो.

सरकी काढलेला कापूस घ्यायचा, औषधाच्या दुकानातला गुंडाळीचा नाही. तो फार दाबलेला असतो. बोटांनी पिंजून लांब, सारख्या जाडीची पट्टी ओढायची. मग चिमटीत धरून ठरावीक अंतरावर पीळ द्यायचा, की मध्ये फुगीर मणी तयार होतो. बोट कोरडं पडलं की चिमूटभर भस्म लावायचं, पकड येते. प्रत्येक पिळावर ओल्या कुंकवाचं बोट. कुंकू पळीभर पाण्यात नाही, थेंबभर पाण्यात कालवायचं; पातळ झालं की कापसात पसरतं आणि सगळं वस्त्र गुलाबी होतं. गौरींसाठी करते तेव्हा पिळावर बेगडीची पट्टी गुंडाळते, मध्ये मोती.

माझा भाऊ याला 'फुकटचं मेडिटेशन' म्हणतो. त्याला एकदा बसवलं. मणी एक बोराएवढा, एक भोपळ्याएवढा. सासूबाई म्हणाल्या, असू दे, उंदराला घालू.

फुलीफुली

😂 उंदीरमामांचा वाटा!

बरं, माझंही सांगते, नुसती टिंगल नको. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळे नीट झाल्यावर डॉक्टरांना विचारलं आणि मग तिने सुई पुन्हा हातात घेतली. पण बोटं संधिवाताने आखडलेली. म्हणून आम्ही सगळं मोठं केलं. ठसठशीत चौकटींची मॅटी, सहाच्या सहा पदर, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई. ओवायला तो तार लावलेला चपटा पत्रा मिळतो, दहावीस रुपयांची वस्तू आहे, पण तिचं निम्मं भांडण त्यानेच मिटलं. रिंग हातात धरायची नाही, टेबलाच्या कडेला जड पुस्तकाखाली दाबून ठेवायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे. फुलीचा टाकाच घ्यायचा, कारण चुकला तरी कुठे चुकला ते मोजून कळतं. सगळ्या फुल्यांचा वरचा पाय एकाच दिशेला हवा एवढंच लक्षात ठेवायचं.

तिने चहाच्या कपांखाली ठेवायला चौकोन केले. एकावर वांगं, एकावर छत्री, एकावर रिक्षा. रिक्षाचा हुड पिवळा आणि मीटर बंद. तो चौकोन पाहुण्यांना देत नाही, माझ्यासाठी राखीव आहे.

आणि हो आजी, तिची उलट बाजू म्हणजे नुसतं जंगल आहे. चालेल ना?

पेठेतली आजी

आईचं वय किती? माझ्याहून मोठी असेल तर चालेल.

कंदीलवाला (औंध)

आमच्या सोसायटीत दिवाळीआधी मुलांना घेऊन आकाशकंदील करतो. तयार मिळणाऱ्या चिनी प्लास्टिकच्या गोळ्याला कंटाळून सुरू केलं.

बांबूच्या कामट्या बुरुडाकडून सारख्या तासून आणायच्या आणि पाण्यात भिजवून घ्यायच्या, वाकवताना मोडत नाहीत. सांधे दोऱ्यानेच बांधायचे. गोंदाने चिकटवलेला सांधा गॅलरीतल्या वाऱ्यात टिकत नाही. खळ मैद्याची, मंद आचेवर ढवळत शिजवलेली. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत, मुलं असतील तर अजिबात घालू नका, ते विषारी आहे. कंदील पंधरा दिवसच लटकणार, त्याला कीड लागून लागणार किती?

पतंगी कागद लावताना थोडा सैल राहिला तर घाबरायचं नाही. लावून वाळला की वरून अगदी हलका पाण्याचा फवारा मारायचा. पुन्हा वाळताना कागद आपोआप ताणला जातो, टिचकी मारली तर डफासारखा वाजतो. मुलांना हा भाग सगळ्यांत आवडतो. फवारा मोठ्या माणसाने मारावा, नाहीतर कागदाचा लगदा. आत एलईडी दिवा, तो फारसा तापत नाही म्हणून कागद करपत नाही. झिरमिळ्या मात्र भरपूर लावा. झिरमिळ्यांत कंजुषी केलेला कंदील ओकाबोका दिसतो.

अगदी लहान मुलांसाठी वेगळं काम ठेवतो. कांद्याच्या पिशवीची जाळी रिंगमध्ये ताणून द्यायची, लोकर आणि बोथट प्लास्टिकची सुई. सूर्य, मासा, काहीही. बोट टोचत नाही आणि आयांना तासभर निवांत गप्पा मारता येतात.

दुकान बंद (सिंहगड रोड)

एक कडू प्रतिसाद. मी रुमाल आणि राख्या भरून विकायचे. एका प्रदर्शनात स्टॉल घेतला होता. रुमालावरची जास्वंद भरायला पूर्ण दुपार जाते; बाई हातात घेऊन म्हणाल्या, मशीनवरचे डझनाने मिळतात. दुपारच्या हिशेबाने किंमत लावली तर कुणी घेत नाही आणि रुमालाच्या हिशेबाने लावली तर दोराही निघत नाही. आता विकत नाही. ज्याला द्यावंसं वाटतं त्याला देते, आणि फुलं पूर्वीपेक्षा बरी येतात. 'एवढं छान करतेस, विकत का नाहीस' असं कृपया लिहू नका.

बसमधला

नाही लिहीत. जास्वंदीचा फोटो तरी टाका. पाकळ्या साटीन टाक्यात, म्हणजे शेजारी शेजारी सलग टाके घालून, भरता का? माझ्या मधोमध सैल पडतात.

दुकान बंद

साटीनच, पण आधी पाकळीच्या कडेने उलटी टीप घालून घ्या आणि साटीनचे टाके तिच्या बाहेरून घ्या. कड उचलून येते. पाकळी बोटाच्या पेराहून रुंद असेल तर साटीन सैल पडणारच, तिथे लांब-आखूड टाका घाला. फोटो उद्या उजेडात काढून टाकते.

नवीन आयडी (पिंपळे सौदागर)

सगळं वाचून काल रिंग आणली. दोन शंका. चित्र कापडावर उतरवायचं कसं, विशेषतः काळ्या कापडावर? आणि लाल दोऱ्याचा रंग गेला तर?

लडी

फिक्या कापडाला पाण्याने जाणारं निळं पेन. पण धुण्याआधी इस्त्री फिरवायची नाही, उष्णतेने ती निळाई पक्की बसते. काळ्याला पिवळा किंवा पांढरा कार्बन, शिवणाचा, ऑफिसातला नाही. लाल दोरा आधी ओला करून पांढऱ्या चिंधीवर घासून बघ. कामावर रंग उतरलाच तर कापड वाळू देऊ नकोस, लगेच गार पाण्यात खळबळत राहायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाणी नको.

पेठेतली आजी

आम्ही ट्रेसिंग पेपरला सुईने भोकं पाडून, रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने फिरवायचो. चित्र ठिपक्याठिपक्यांनी उतरायचं, आणि एकच कागद सगळी आळी वापरायची. आता रॉकेल असतं कुणाकडे.

लडी

मी शनिवारी सकाळी रविवार पेठेत जातेय. कोथरूडकडच्या कुणाला दोरे हवे असतील तर शेडचा नंबर लिहा, 'तो मोरपंखी' असं नको.

पेठेतली आजी

४०३, काळा. दोन लड्या. मी कोथरूडची नाही, पण तुला वाटेतच पडते. सुटे पैसे काढून ठेवते.