बाबांची १९८७ची लुना: रुंद चाकं आधी की ब्रेक?

शाहूपुरीकर

नमस्कार. बाबांची १९८७ची लुना गेल्या दिवाळीत मी पुन्हा चालू केली. बाबा प्राथमिक शिक्षक होते, कोरेगाव तालुक्यातल्या शाळेवर रोज याच गाडीने जायचे. हँडलला वह्यांची पिशवी आणि मागे मी. चढ आला की ते पॅडल मारायचे, तेव्हा त्यांच्या पाठीला कान लावला की धाप ऐकू यायची. कागदपत्रं आता माझ्या नावावर आहेत, पुनर्नोंदणीही करून घेतली आहे.

मला ही गाडी झाकून ठेवायची नाही, चालवायची आहे. रविवारी सकाळी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरला घाटाने जाऊन यायचं एवढीच हौस. चढायला वेळ लागतो, लागू दे. उतरताना मात्र दोन्ही लिव्हर पार मुठीला टेकतात. गेल्या महिन्यात अर्ध्या घाटात जळका वास आला म्हणून थांबले. पुढच्या ब्रेकच्या ड्रमवर पाणी टाकलं तर चर्र झालं. शिवाय कडेच्या बारीक खडीवर चाक सरकतं, ती भीती वेगळीच.

टायरवर २.२५-१६ लिहिलंय (रुंदी आणि रिमचा व्यास, इंचात). ड्रम आतून मोजला, ८० मिमी भरला. टीव्हीएस एक्सएल १०० ची दोन्ही चाकं हबसकट (मधल्या, ड्रम असलेल्या भागासकट) बसवावीत असा विचार आहे (टायर २.५०-१६, ड्रम ११० मिमी). एका गॅरेजवाल्यांचं म्हणणं, २.७५ चे टायर घ्या आणि पुढे डिस्कच टाका. आधी काय करू?

नगरचा फिटर

ताई, आधी ब्रेक. चाकांचं नंतर बघू.

मी नगरचाच, तीस वर्षं लेथवर काढली, म्हणून लुना दिसली की मी थांबतो. १९७२ साली ही गाडी आली ती पियाजिओच्या चाओवरून बेतलेली, सायकलच्या जवळची. तिचे ब्रेक त्या वजनाला आणि सपाट रस्त्याला धरून होते. घाटात गोष्ट बदलते. टू-स्ट्रोक इंजिन ॲक्सिलरेटर सोडल्यावर फारसं अडवून धरत नाही. क्लच आपोआप सुटणारा, आणि खाली टाकायला दुसरा गिअर नाही. म्हणजे तुमचं आणि गाडीचं सगळं वजन त्या दोन छोट्या ड्रमांवर. ड्रम तापला की लायनरची, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तराची, पकड जाते. वास आला तो त्याचाच.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. तुमचं ऑइल पेट्रोलमधूनच जातं. लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवलात तर इंजिन फिरत राहतं आणि ऑइल पोचत नाही. मधूनमधून किंचित मूठ फिरवत चला.

आता काम. ड्रम उघडा, पण आतली धूळ फुंकू नका; जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्याने पुसा. ड्रम लेथवर लावून गोल आहे का ते बघून घ्या. नवे शू (लायनर लावलेल्या दोन कमानी) घातल्यावर लायनरवर खडू घासा, चाक फिरवून ब्रेक दाबा आणि उघडा. जिथला खडू पुसला गेला तेवढाच भाग टेकतोय. तो उंचवटा कानशीने हलका घासायचा आणि परत खडू. तीन-चार वेळा करावं लागतं, कंटाळू नका, निम्मा ब्रेक इथेच मिळतो. केबल नवीन घ्या. लायनर ड्रमला टेकतो त्या क्षणी केबल आणि कॅमची (शू फाकवणारी) दांडी काटकोनात आली पाहिजे. कोन त्यापुढे गेला की कितीही दाबा, जोर वाया जातो.

डिस्क नको. लुनाचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, तसल्या ओढीसाठी बनवलेलाच नाही. पकड वाढली की मार फोर्कला बसतो.

एक्सएलवाला, लातूर

हबचं सांगतो, कारण हा खटाटोप मी केलाय. ८० वरून ११० मिमी म्हणजे तेवढ्याच दाबाला सव्वापटीहून जास्त पकड, आणि उष्णता पसरायला जागाही जास्त. पण फोर्कच्या दोन पायांमधली रुंदी, एक्सलची जाडी आणि स्पीडोमीटरची केबल, तिन्ही जुळवावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं: ब्रेक प्लेटची (शू बसवलेल्या चकतीची) खाच फोर्कवरच्या खुंटीत घट्ट बसलीच पाहिजे. प्लेट फिरू नये म्हणून तीच एक गोष्ट धरून असते. माझ्या भावाच्या गाडीला दुसऱ्या गाडीचा हब बसवून दिला होता आणि खुंटी नुसती टेकवलेली. ब्रेक दाबला, प्लेट चाकाबरोबर फिरली, केबल गुंडाळली गेली आणि चाक जाम. गळपट्टीचं हाड मोडलं त्याचं. गॅरेजमधून गाडी घेताना स्वतः वाकून बघा.

टायरचा हिशेब असा: २.२५ वरून २.५० केलंत तर चाकाचा व्यास साधारण १३ मिमी वाढतो, अडीच टक्के. २.७५ ला पाच टक्के. एकाच गिअरच्या ५० सीसीला पाच टक्के चढावर जाणवतात आणि काटाही खरा वेग दाखवत नाही. रिमवर रुंदी ठोकलेली असते. १.४० असेल तर २.५० बसतं, नवीन रिम लागणार नाही. २.७५ ला १.६० तरी हवी.

कागदवाला

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून ठेवा. नोंदणीत कंपनीने दिलेला जो तपशील आहे, त्याच्याशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच सांगितलंय. दुसरं, २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. तुमची २०३७ ला त्या वयाची होईल. काय बदलायचं ते बदला, पण जुनी रिम, हब, ब्रेक प्लेट ग्रीस लावून, फडक्यात गुंडाळून ठेवा. बाबांच्या हाताखालचे भाग आहेत ते.

शाहूपुरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रिमवर १.४० निघालं, म्हणून रिम-हब मूळचेच ठेवले, फक्त २.५० चे टायर घातले. पुढचा ड्रम थोडा अंडाकृती होता, लेथवर सरळ करून घेतला. खडूचं काम मी घरीच केलं, पाच वेळा उघडलं. पहिल्यांदा लायनरच्या फक्त दोन टोकांचा खडू पुसला होता. पाचव्यांदा जवळजवळ सगळा.

काल उतरले. तीन ठिकाणी मुद्दाम थांबून ड्रमला बोट लावलं. गरम होता, पण बोट टिकलं. वास नाही. लिव्हर आता निम्म्यावर अडते.

एकच राहिलंय: मागे कोणी बसलं की खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो. फिटर काका, मडगार्ड वॉशर घालून वर उचलू का, की मागचे स्प्रिंग बसलेत?

नगरचा फिटर

आधी स्प्रिंग मोजा. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन एकदा, मग स्टँड काढून दोघी बसून परत मोजा. दोन्ही आकडे इथे टाका.