लिबएव्हीफॉरमॅट (एफएफएमपेगची मीडिया फाइल्स वाचण्या-लिहिण्याची लायब्ररी): फ्रॅगमेंटेड एमपी४ मध्ये रांगेत अडकलेली पॅकेट्स फ्लश होत नाहीत

प्रश्न
एच.२६४ व्हिडिओ (२५ एफपीएस) आणि एएसी ऑडिओ असं फ्रॅगमेंटेड (तुकड्यातुकड्यांत लिहिलेलं) एमपी४ मक्स करतोय, म्हणजे दोन्ही एका फाइलमध्ये भरतोय. मूव्हफ्लॅग्जमध्ये (एमपी४ मक्सरचे पर्याय) फ्रॅग_कस्टम (फ्रॅगमेंट कुठे तोडायचा ते मीच सांगतो) आणि एम्प्टी_मूव्ह (सुरुवातीला रिकामं हेडर) आहेत. पॅकेट्स (एन्कोड केलेल्या डेटाचे तुकडे) एव्ही_इंटरलीव्ह्ड_राइट_फ्रेम ने देतो, कीफ्रेम (स्वतंत्रपणे डीकोड होणारी फ्रेम) आली की आधी फ्लशसाठी, म्हणजे साठलेलं लिहून काढायला, एव्ही_राइट_फ्रेम(सीटीएक्स, नल) करतो. तरी शेवटची काही पॅकेट्स पुढच्या फ्रॅगमेंटमध्ये घसरतात. शिवाय रिटर्न १ येतो, म्हणून माझा कोड एरर समजून थांबतो.

प्रतिसाद १
१ म्हणजे एरर नव्हे. फ्लश झालं, आत काही शिल्लक नाही, इतकंच. तपासणी ‘शून्याहून कमी’ अशी ठेवा.

घसरण्याचं कारण वेगळं आहे. पॅकेट एकामागून एक तीन ठिकाणी साचतं: इंटरलीव्हिंगची रांग, मक्सरचा स्वतःचा साठा आणि एव्हीआयओ बफर (फाइलमध्ये जाण्याआधीचा शेवटचा टप्पा). तुम्ही फक्त मधला रिकामा करताय. क्रम असा ठेवा:

एव्ही_इंटरलीव्ह्ड_राइट_फ्रेम(सीटीएक्स, नल)
एव्ही_राइट_फ्रेम(सीटीएक्स, नल)
एव्हीआयओ_फ्लश(सीटीएक्स->पीबी)

हे तिन्ही झाल्यावरच नवी कीफ्रेम द्या, म्हणजे फ्रॅगमेंट तिच्यापासून सुरू होईल. पण दर पॅकेटला फ्लश नको. रांग डीटीएस (पॅकेट डीकोड करण्याची वेळ) पाहून ऑडिओ-व्हिडिओ गुंफते. ती सारखी उपसली तर गुंफण्याला अर्थच उरत नाही.

प्रतिसाद २
वरच्यात एक भर. फ्रॅगमेंट मुद्दाम तोडला की शेवटच्या पॅकेटनंतरचा डीटीएस मक्सरला दिसत नाही, तेव्हा पॅकेटमध्ये ड्युरेशन भरलेलं हवं. ते ० असेल तर मक्सर अंदाजाने भरतो आणि लॉगमध्ये तशी वॉर्निंग देतो. एकक स्ट्रीमच्या टाइमबेसमध्ये (वेळेचा एक टप्पा किती सेकंदांचा ते सांगणारा अपूर्णांक), आणि तो एव्हीफॉरमॅट_राइट_हेडर नंतर वाचा, कारण मक्सर तो बदलू शकतो. तुम्ही १/२५ दिलात तरी एमपी४ मध्ये तो १/१२८०० होतो. मग एका फ्रेमचं ड्युरेशन ५१२ (१२८०० ÷ २५). एव्ही_पॅकेट_रिस्केल_टीएस ड्युरेशनही बदलून देतं.

प्रश्नकर्ता
जमलं. आता सबटायटल ट्रॅक जोडला तर फ्लशच्या मधल्या वेळात रांगेतून काहीच पुढे सरकत नाही, मेमरी चढते.

प्रतिसाद १
प्रत्येक स्ट्रीमचं किमान एक पॅकेट हाती येईपर्यंत रांग वाट पाहते, आणि सबटायटल तर कधीमधीच येतं. या वाट पाहण्याची मर्यादा ठरवणारा पर्याय मॅक्स_इंटरलीव्ह_डेल्टा, मूळ किंमत १,००,००,००० मायक्रोसेकंद, म्हणजे १० सेकंद. लाइव्हसाठी १०,००,००० करा. ० मात्र करू नका, त्याने मर्यादाच उठते.

प्रतिसाद ३
शेवटी एन्कोडरला नल फ्रेम देऊन ईओएफ (डेटा संपल्याची खूण) येईपर्यंत पॅकेट्स काढा, मग एव्ही_राइट_ट्रेलर. रांगेत उरलेलं तो स्वतः लिहितो. आणि एव्हीफॉरमॅट_फ्लश इथे वापरू नका. ते डीमक्सरसाठी (फाइल वाचून स्ट्रीम्स वेगळे काढणारा) आहे: साठलेला डेटा लिहीत नाही, टाकून देतं.