सिनसिनाटीला पाहुणे आले की मेसनमध्येच का डांबता?

नदीकाठचा
दर उन्हाळ्यात तेच. कुणाचे तरी आईबाबा पुण्याहून अमेरिकेत, ओहायोतल्या आपल्या सिनसिनाटीला येतात, मेसन या उपनगरातल्या घरात सहा आठवडे काढतात, एकदा किंग्ज आयलंडचं करमणूक पार्क, दोनदा आउटलेट मॉल, आणि "शांत आहे हो तुमचं गाव" म्हणत परत जातात. अहो, गाव पाहिलंच कुठे!

माझं ऐका. विमानतळ ओहायो नदीपलीकडच्या केंटकी राज्यातच आहे, तेव्हा येतानाच नदीकाठच्या कव्हिंग्टनला थांबा आणि रोब्लिंगचा झुलता पूल चालत ओलांडा. ब्रुकलिनच्या पुलाचा आराखडा याच रोब्लिंगचा. पण हा आधीचा, १८६६ सालचा. गाड्यांचा रस्ता लोखंडी जाळीचा असल्यामुळे टायर फिरले की सगळा पूल भुंग्यासारखा घुमतो. पलीकडे स्मेल पार्कात नदीकडे तोंड केलेले झोपाळे आहेत. आईबाबांना तिथे बसवा. मॉल काय, पुण्यातही आहेत.

कोथरूडची_सून
आणि पूल ओलांडायला सासूबाईंना गुडघे कुणाचे आणायचे? जुलैत नदीकाठी घामाच्या धारा लागतात. शिवाय ते नातवंडांसाठी येतात, पुलासाठी नाही. त्यांना मेसनमध्ये करमत नाही हे तुम्हीच ठरवलंत.

खाण्याचं काय? या गावाची शान म्हणजे चिली: स्पॅगेटीवर दालचिनीच्या वासाचा बीफचा खिमा आणि वर किसलेल्या चीजचा डोंगर. आमच्याकडे कोण खाणार?

नदीकाठचा
स्कायलाइन या चिलीच्या हॉटेलात खिम्याऐवजी काळे बीन्स आणि भात घालून देतात. चव? ठीक. आईस्क्रीम मात्र ग्रेटर्सचंच, ब्लॅक रास्पबेरी चिप. त्यातला चॉकलेटचा तुकडा कधीकधी चमच्यावर मावत नाही.

गुडघ्यांसाठी ट्राम आहे. नदीकाठून फिंडले मार्केटपर्यंत जाते, २०२० पासून फुकट. वाटेत ओव्हर-द-ऱ्हाइन, म्हणजे 'ऱ्हाइनपलीकडे', ही वस्ती लागते. तिथल्या कालव्याला जर्मन लोक गमतीनं ऱ्हाइन म्हणायचे, त्यावरून हे नाव. कालवा बुजवून भुयारी रेल्वे करायला घेतली, ती अर्धवट राहिली, आणि वर रस्ता झाला. पुणेकरांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

तिसरी_घंटा
तुमचं भांडण चालू द्या, पण दोघांनीही मुख्य गोष्ट गाळलीत. ही नदी म्हणजे सीमा होती. केंटकीत गुलामगिरी, ओहायोत नाही. पुलाच्या पायथ्याशीच फ्रीडम सेंटर हे गुलामगिरीच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. आत केंटकीतल्या एका शेतावरून उचलून आणलेली, गुलामांना कोंडायची लाकडी कोठी उभी आहे. माझे बाबा इतिहासाचे शिक्षक. फलक वाचत भराभर पुढे जाणारा माणूस, तिथे आत जाऊन भिंतीला हात लावून उभा राहिला. बाहेर आल्यावर नदीकडे बघत एवढंच म्हणाले, "एवढीशीच रुंद?"

कोथरूडची_सून
हे पटलं. सासऱ्यांना नक्की नेईन. पण नदीकाठचा, तुमची ट्राम साडेतीन मैलांचा फेरा मारून परत जागेवर येते. मंदिराला, किराण्याला, डॉक्टरकडे जायला गाडीच लागते. म्हणून लोक मेसनमध्ये राहतात, हौस म्हणून नाही.

नदीकाठचा
राहा की! फक्त एक दिवस बाहेर काढा. सोमवार नको, फिंडले मार्केट बंद असतं.

कोथरूडची_सून
मंगळवारी जाऊ. चालणार मात्र नाही. पुलावरून गाडीच नेईन, काचा खाली करून.