इंदूरच्या ओल्या कचऱ्याचा गॅस करायचा की घरोघरी खत?

रामबागकर: देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्लांट (ओला कचरा कुजवून गाड्यांसाठी गॅस करणारा) फेब्रुवारी २०२२ मधे सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची क्षमता, त्यातून १७ हजार किलो गॅस आणि १०० टन खत एवढी योजना, आणि तरी आपलेच लोक म्हणतात की हा नुसता देखावा आहे, घरीच खत करा. मला नाही पटत. बंद टाकीत सूक्ष्मजीव जो मिथेन करतात तोच ते कचऱ्याच्या डोंगराखाली पण करतात, फक्त तिथे तो हवेत जातो आणि १०० वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. पकडला तर त्याच्यावर सिटी बस चालते!

गच्चीवरची बाग: आणि तो कचरा गोळा करत फिरणाऱ्या गाड्यांचं इंधन? भाजीची देठं माझ्या घरच्या खताच्या माठात जिरतात, कुठे न्यायला लागत नाहीत. माझा खरा आक्षेप वेगळाच आहे, एवढा मोठा प्लांट उभा केला की त्याचं पोट रोज भरावंच लागतं, मग लग्नात अन्न टाकू नका हे कोण कशाला सांगेल?

रामबागकर: सराफ्यातल्या खाऊगल्लीचं रात्रीचं उष्टं-खरकटं, मंडईतला कोबीचा पाला, हे कोणाच्या माठात जाणार ते सांगा. आणि माठात वाळका पाला घातला नाही, ओलं साचलं की आतली हवा संपते, घाण वास येतो आणि मिथेन तिथेही होतो.

टाकीवाली: मी दुसऱ्या गावात अशा प्लांटवर काम केलंय म्हणून लिहिते. टाकीत आम्ल करणारे जिवाणू फार चपळ असतात, मिथेन करणारे (ते जिवाणू पण नाहीत, आर्किया नावाचे वेगळेच सूक्ष्मजीव आहेत) हळू वाढतात. लग्नसराईत भात-मिठाई एकदम आली की टाकी आंबते, पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आंबट) साडेसहाच्या खाली गेला की गॅस बनणं थांबतं, मग खाद्य बंद करून वाट बघत बसा. लिंबू-संत्र्याच्या सालींचं तेल पण त्यांना सोसत नाही. त्यामुळे अन्न वाया गेलेलं प्लांटला आवडतं असं अजिबात नाही, त्याला रोज सारखं आणि स्वच्छ खाद्य लागतं. ओलं-सुकं घरातच वेगळं झालं नाही तर कुठलीच मशीन वाचवत नाही.

सांवेरचा शेतकरी: सगळे गॅसवरच भांडताय. गॅसमधे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन जातो, नत्र-स्फुरद-पालाश टाकीत उरलेल्या गाळातच राहतं, म्हणजे मातीचं जे घेतलं ते त्या खतात आहे. ते शेतात आलं नाही तर चक्र कसलं? २०२३ मधे केंद्राने अशा खतावर टनाला १५०० रुपये मदत जाहीर केली, पण आम्हाला ट्रॉलीचं भाडं दिसतं, आणि एका ठिकाणाहून आणलेल्या खतात काचा निघाल्या, परत कोण घेणार?

गच्चीवरची बाग: हेच म्हणते मी! माझ्या माठात काच येत नाही कारण टाकणारी पण मीच आणि वापरणारी पण मीच. मंडई-हॉटेलांचं खुशाल प्लांटला द्या, घरांचं वॉर्डातच जिरवा.

रामबागकर: मंडई-हॉटेलांवर प्लांट भरेल का ते आधी आकडे काढून बघू. घरांचं बंद करायला माझा अजून विरोधच आहे, फ्लॅटमधले सगळे माठ सांभाळणार नाहीत. पण काचेचं बरोबर आहे, गोणी शेतकऱ्याला देण्याआधी चाळलीच पाहिजे, आणि तो खर्च प्लांटने उचलावा.